सायकलवरून कोकणकिनारा : भाऊच्या धक्क्यापासून रत्नागिरीपर्यंत

आपल्या वस्त्यांत सायकल ही काही नवी वस्तू नाही. गिरणीच्या पहिल्या पाळीला जाणारा कामगार सायकलवर, पहाटे पेपर टाकणारा पोरगा सायकलवर, दूधवाला, पाववाला, कात्र्यांना धार लावणारा, सगळे सायकलवर. ज्या घरात कपाट नव्हते त्या घरातही एक सायकल असे आणि रात्री ती चाळीच्या जिन्याखाली साखळीने बांधलेली असे. पण ती कामाची सायकल! तिच्यावर बसून फिरायला जायचे, तेही आठ-आठ दिवस, ही हौस पैसेवाल्यांची, असे आपण धरून चाललो. आता तर कामाची सायकलही गेली. हप्त्यावर मोटारसायकल आली आणि जिन्याखालची सायकल गंजत पडली.

गेल्या जानेवारीत आम्ही पाच जणांनी अशाच सायकली बाहेर काढल्या आणि मुंबईहून रत्नागिरीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने गेलो. आठ दिवस, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. आमच्यात कोणी खेळाडू नाही. एक दादा महापालिकेच्या नोकरीतून निवृत्तीला आलेले, एक भाऊ गॅरेजमध्ये कामाला, वहिनी इस्पितळात परिचारिका, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली पुतणी आणि हे लिहिणारे आम्ही. ही हकीकत वाचकांना सांगावीशी वाटली, कारण जे आम्हाला जमले ते कोणत्याही कष्टकरी घराला जमेल, आणि या वाटेवर जे पाहिले ते आपल्या प्रत्येक घराने पाहावे असे आहे.

किनाऱ्याची माणसे, पण किनारा पाहिला नाही

मुंबईत राहणारी आपली किती तरी कुटुंबे मूळची कोकणातली. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, महाड, म्हसळा ही नावे आपल्या घराघरांत आहेत. वर्षातून एकदोनदा आपण गावी जातोही. लग्नाला, कुणाच्या पुण्यानुमोदनाला, मे महिन्याच्या सुट्टीत. रात्रीची एस.टी. किंवा खाजगी गाडी धरायची, झोपेत घाट उतरायचे आणि पहाटे तिठ्यावर उतरून वाडीकडे चालू लागायचे. मधला मुलूख दिसतच नाही. वाडी गावाच्या टोकाला, समुद्र राहिला डोंगरापलीकडे. कोकणातला माणूस, पण हर्णैचे बंदर पाहिले नाही, बाणकोटची खाडी पाहिली नाही, अशी माणसे आपल्यात पुष्कळ सापडतील.

आपल्या आजोबा-पणजोबांचे असे नव्हते. त्यांचा रस्ताच समुद्र होता. भाऊच्या धक्क्यावरून बोटी सुटत आणि एकेक बंदर घेत खाली जात. बोट बंदरापासून दूर उभी राही, मग पडावात उतरायचे आणि पडावातून गुडघाभर पाण्यात. त्या वाटेने कितीतरी जीवही घेतले. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईच्या तोंडाशीच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. जुन्या माणसांच्या तोंडी ‘रामदास’चे नाव अजून असते ते उगीच नाही.

आज त्याच भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते. ही सेवा २०२० साली सुरू झाली. तिच्यात मोटारी चढतात तशा सायकलीही चढतात. पनवेल-पेणचा वाहनांनी भरलेला रस्ता टाळून तासाभरात माणूस अलिबागच्या बाजूला पोहोचतो. सायकलवाल्याला याहून चांगला आरंभ मिळणार नाही.

पोरीला नेणार का?

निघण्याआधी घरात एकच वाद झाला. पुतणीला न्यायचे की नाही? आजीचे वय ऐंशीच्या पुढे. तिने पहिल्या दिवशीच सांगितले, “तुम्ही बाप्ये कुठेही जा. वहिनी सुद्धा जाऊ दे, ती कर्ती बाई आहे. पण पोरीला रानावनातून सायकलवर नेऊ नका. चार लोक काय म्हणतील?”

आजीला गप्प करणे सोपे होते, पण ते आम्हाला करायचे नव्हते. कारण चार लोकांची भीती ही एका आजीची नाही, आपल्या सगळ्या घरांची आहे. मुलगा दहावीला गेला की त्याला सायकल मिळते. मुलगी दहावीला गेली की तिच्या येण्याजाण्याचे तास मोजले जातात. खेड्यात तर हायस्कूल पाच-सहा किलोमीटरवर असते, एस.टी. वेळेवर नसते, आणि मग एखाद्या वर्षी घरातले म्हणतात, “पुरे आता शाळा.” मुलीची शाळा सुटते ती नापास झाल्यामुळे नव्हे, तर रस्त्यामुळे.

म्हणूनच बिहार सरकारने २००६ साली शाळकरी मुलींना सायकली देण्याची योजना आणली. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळत आल्या आहेत. त्याच्याही आधी, १९९० च्या दशकाच्या आरंभी, तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीने बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. शेतमजुरी करणाऱ्या, खाणीत दगड फोडणाऱ्या हजारो बाया सायकल शिकल्या. पाण्याचे हंडे, पोरेबाळे, बाजार सगळे सायकलवर आले. नवऱ्याची किंवा बसची वाट पाहणे संपले. चार लोक तेव्हाही बोललेच होते. पण बायका हजारोंनी रस्त्यावर आल्यावर चार लोकांचे बोलणे कोण ऐकतो?

हे सगळे वहिनीने आजीला शांतपणे सांगितले. शेवटी ठरले ते असे : पोरगी येणार, पण रोज संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर स्वतः आजीला फोन करणार. आजीने होकार दिला नाही, पण नाही म्हणणे सोडले.

समुद्रकाठचा रस्ता सपाट नसतो

नकाशात पाहिले तर रस्ता समुद्राला चिकटून सरळ खाली जातो. म्हणून पुष्कळांना वाटते, किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट. प्रत्यक्षात तसे नाही. कोकणचा किनारा म्हणजे एक खाडी, मग एक डोंगर, मग पुन्हा खाडी. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्या समुद्राला मिळतात तिथे खोल खाड्या झाल्या आहेत आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे सडे उभे आहेत. गाव समुद्राच्या पातळीवर, नारळी-पोफळीच्या बागेत. गाव संपले की चढण. सड्यावर ना झाड ना सावली, नुसते वाळलेले गवत आणि करवंदीच्या जाळ्या. मग उतार, आणि खाली पुन्हा निळे पाणी.

आमच्या पाचपैकी तीन सायकली साध्या, काळ्या, बिनगिअरच्या. चढणीला उतरून ढकलत जावे लागे. त्यात लाज नाही. ढकलत जाणारा माणूसही वर पोहोचतोच! चढणीपेक्षा भीती उताराची. शेखाडीजवळच्या एका उतारावर दादांच्या मागच्या ब्रेकचे रबर झिजून गेले आणि रिमला लोखंड घासू लागले. दादांनी पुढचा ब्रेक हळूहळू दाबत, पाय घासत सायकल थांबवली. पुढच्या गावात सायकलचे छोटे दुकान होते. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने दोन्ही रबरे बदलली, चाकाचा आउट काढला आणि पैसे द्यायला गेलो तर फक्त रबरांचेच घेतले. म्हणाला, “मुंबईवरून ह्या सायकलीवर आलात? मग मजुरी कसली घेऊ!”

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. भाऊची गिअरची सायकल दिसायला सुरेख, पण तिची ट्यूब खेड्यात मिळेना आणि तिच्या वॉलला गावातला पंपही बसेना. काळ्या सायकलची २८ इंची ट्यूब, वॉल-ट्यूब, चेनची कडी मात्र सायकलच्या साध्या दुकानातही मिळते. म्हणून नव्या सायकलीसाठी थांबू नका. जुनी सायकल नीट करून घ्या, तीच बरी.

वारा आणि भरती

सायकलवाल्याला चढणीइतकाच वारा छळतो. कोकणकिनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. त्याला मतलई वारे म्हणतात. दुपारी उलट होते. जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात, ते बहुतेक वायव्येकडून. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला दुपारचा वारा पाठीवर मिळतो. रत्नागिरीहून मुंबईकडे येणाऱ्याला तोच वारा छातीवर. आम्ही पहाटे सहाला निघायचो, अकरापर्यंत चालवायचो, ऊन उतरेपर्यंत सावलीत थांबायचो आणि चारनंतर पुन्हा दीड-दोन तास.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. ती कोळी बांधवांकडून शिकावी. त्यांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला पाणी फार चढते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास कमी चढते, तो भांग. पंचांगात मुहूर्त पाहण्याची आम्हाला गरज नाही, पण चंद्राच्या कलेवरून पाण्याची वेळ काढणे हे खरे शास्त्र आहे आणि ते शाळेत न गेलेल्या माणसांनी जपले आहे.

पोहायचे असेल तर या माणसांना विचारल्याशिवाय पाण्यात शिरू नये. आणि ओल्या वाळूवर सायकल चालवायचा मोह कितीही झाला तरी आवरावा. वाळू आणि खारे पाणी फ्रीव्हीलमध्ये गेले की चाक कुरकुरू लागते. रोज रात्री सायकल गोड्या पाण्याने पुसून चेनला तेल द्यावे लागते. नाही तर दोन दिवसांत तांबेरा चढतो.

गावामागून गाव

पहिल्या दिवशी मांडवा, अलिबाग आणि चौल करून रेवदंड्याला मुक्काम. चौल हे फार जुने बंदर. त्याचे जुने नाव चेमुल. आपल्या बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखांत या चेमुल गावच्या दात्यांचे उल्लेख आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारी-कारागिरांनी भिक्खूंच्या निवाऱ्यासाठी आपल्या कमाईतले दान दिले. ते याच रस्त्याने गेले असतील.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला आणि कोर्लई लागले. या छोट्या गावात काही कुटुंबे अजून पोर्तुगीज आणि मराठी मिळून झालेली एक वेगळीच बोली बोलतात. पुढे काशीद, मुरूड, आणि पाण्यात उभा असलेला जंजिरा. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी तो राखला आणि त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. ज्यांच्याकडे एक दिवस जास्त असेल त्यांनी राजपुरी खाडीच्या आतल्या अंगाला असलेली कुडा लेणी जरूर पाहावीत. सव्वीस बौद्ध लेणी आहेत, आणि तिथल्या लेखांत दाते म्हणून व्यापाऱ्याबरोबर वैद्यही आहे, माळीही आहे.

आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला गेलो, तिथून दिवेआगर. या पट्ट्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ धडकले. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, नारळ मुळासकट उपटले. आज बागा पुन्हा हिरव्या दिसतात, पण नीट पाहिले तर जुन्या उंच झाडांमध्ये मोठ्या मोकळ्या जागा आणि त्यांत बुटकी नवी रोपे. नवे झाड फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. बाग ज्याची होती त्याला थोडीफार भरपाई तरी मिळाली. बागेत मजुरी करणाऱ्याची मजुरी गेली, तिचा पंचनामा कोण करणार? एका बाईने आम्हाला पाणी देता देता हेच विचारले. आमच्याकडे उत्तर नव्हते.

सावित्रीच्या मुखाशी

तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर ओलांडून बागमांडल्याला आलो. समोर सावित्री नदीची खाडी, पलीकडे वेश्वी-बाणकोट. फेरीबोटीला वेळ होता. दादांनी सायकल उभी केली आणि खाडीच्या आतल्या बाजूला हात करून पुतणीला विचारले, “ह्या पाण्याने वर गेलं की काय लागतं, सांग?”

वाचकहो, ह्या पाण्याने वर गेले की दासगाव लागते आणि त्यापुढे महाड. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. पण त्याच वर्षी डिसेंबरात भरलेल्या दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने समुद्रमार्गे आले, हे थोड्यांना माहीत असते. २४ डिसेंबरला मुंबई सोडली आणि २५ ला दासगाव बंदरात पाय ठेवला. तिथून महाड पाच मैल. त्याच रात्री महाडला मनुस्मृती जाळली गेली. ती बोट ज्या खाडीमुखातून आत शिरली, त्याच्यासमोर आम्ही उभे होतो. तिथे ना फलक, ना खूण. पाणी, दोन मासेमारी होड्या आणि पलीकडच्या डोंगरावर बाणकोटचा किल्ला.

या खाड्यांवर मोठे पूल बांधायचे काम आता सरकारने हाती घेतले आहे. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्ग व्हावा ही कल्पना बॅ. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची, म्हणजे १९८० च्या दशकाच्या आरंभापासूनची. पूल झाले की आजारी माणूस लवकर इस्पितळात पोहोचेल, हे चांगलेच. पण रुंद रस्त्यावर भरधाव मोटारी येतील तेव्हा सायकलवाल्याला आणि शाळेत चालत जाणाऱ्या पोरांना कडेला जागा ठेवा, एवढे मागणे आत्ताच मागायला हवे. रस्ता झाल्यावर मागून काही उपयोग नाही.

दापोली, वणंद आणि दाभोळ

चौथ्या दिवशी केळशी, आंजर्ले करून हर्णै. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव चालतो तो पाहण्यासारखा. पाचव्या दिवशी समुद्र सोडून डोंगर चढून दापोलीला आलो. हे जुने लष्करी ठाणे. पलटणीतून निवृत्त झालेली आपली माणसे पेन्शनीवर इथे येऊन राहत. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच एक. अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणाऱ्या पहिल्या माणसांत त्यांची गणना होते. रामजी सुभेदारही काही काळ इथेच राहिले आणि बाबासाहेबांचे पहिले शिक्षण दापोलीत सुरू झाले. त्यांचे मूळ गाव आंबडवे इथून मंडणगड तालुक्यात.

दापोलीजवळच वणंद. माता रमाईचे माहेर. त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा. वडील भिकू दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात पोहोचवण्याची हमाली करीत. आईवडिलांचे छत्र लहानपणीच गेले. वणंदचे स्मारक पाहून आम्ही जवळच्याच एका बौद्धवाडीत नात्यातल्या मावशीकडे उतरलो. भाकरी, कुळथाची पिठी आणि भाजलेली सुकट. समाजमंदिरात झोपायची सोय.

मावशीची नात नववीत. हायस्कूल सहा किलोमीटर. सकाळची एस.टी. चुकली की पायी, आणि संध्याकाळी येताना बहुतेक पायीच. मावशी म्हणाली, “दहावी झाली की बघू. पुढचं कॉलेज दापोलीला. कोण रोज नेणार-आणणार?” पोरगी काही बोलली नाही. रात्री ती आमच्या पुतणीच्या सायकलवर अंगणात चक्कर मारत होती, आधी लंगडी घालत, मग सीटवर बसून. दोनदा पडली. तिसऱ्यांदा वाडीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली.

सहाव्या दिवशी दाभोळ. दापोलीहून जवळजवळ तीस किलोमीटर, चढउतारांचा रस्ता. आम्ही सायकलवर होतो आणि तरी दमलो. डोक्यावर ओली टोपली घेऊन माणसे ही बंदराची वाट तुडवीत होती, हे मनात आले की पॅडल मारताना तक्रार करवत नव्हती. दाभोळच्या जेटीवर वाशिष्ठीची खाडी ओलांडायला थांबलो तेव्हा पुतणीने आजीला फोन लावला. संध्याकाळ झाली नव्हती, पण तिला राहवले नाही.

“आजी, मी दाभोळला आहे.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग आजी म्हणाली, “मी तुझ्यापेक्षा लहान होते. आईबरोबर लाकडाची मोळी घेऊन यायचे तिथे. मोळी विकली की मीठ आणि बोंबील घ्यायचे, आणि रातोरात परत. तहान लागली तर विहिरीला हात लावायचा नाही. कोणी वरून ओंजळीत पाणी घातलं तर प्यायचं.” आणि मग तिने विचारले, “तुला पाणी कोणी दिलं?”

पुतणी म्हणाली, “मी नळाला तोंड लावून प्यायले, आजी.”

आजीने पुढे काय म्हटले ते पुतणीने आम्हाला सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. पण त्यानंतर रोज फोन आजीकडूनच येऊ लागला : “आज कुठे? उद्या कुठे?”

रत्नागिरीचा राजा

गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ, तिथून बोटीने जयगड, मग गणपतीपुळे. आठव्या दिवशी आरे-वारेच्या वळणावरून रत्नागिरी. त्या चढावर उभे राहिले की एका बाजूला दोन पांढऱ्या पुळणी दिसतात आणि आठ दिवसांचा शीण उतरतो.

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहिला. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. त्याचे वडील मिंडोन यांच्या आश्रयाखाली १८७१ साली मंडालेला पाचवी धम्मसंगीती भरली होती. इंग्रजांनी १८८५ साली राज्य घेतले आणि थिबाला कुटुंबासह इथे आणून ठेवले. हा राजवाडा १९१० मध्ये बांधला. १९१६ मध्ये राजा इथेच वारला, मायदेश पुन्हा न पाहता. त्याची एक नात शेवटपर्यंत रत्नागिरीतच अगदी साध्या घरात, कष्ट करून राहिली. एवढ्या मोठ्या राजघराण्याची लेक आपल्यासारख्या माणसांत मिसळून गेली, ही गोष्ट राजवाड्याच्या लाकडी कमानींपेक्षा आमच्या मनात जास्त राहिली.

परत येताना कोकण रेल्वे. सायकली सामानाच्या डब्यातून पावती करून आणता येतात. पेट्रोल काढून टाकायची कटकट नाही. मात्र गाडीच्या वेळेआधी बराच वेळ स्टेशनावर जावे लागते. पाचांच्या चारच सायकली मुंबईला आल्या. पुतणीची सायकल तिने रत्नागिरी आगारातून एस.टी.च्या टपावर टाकून दापोलीला पाठवली. आम्ही कोणी तिला तसे सुचवले नव्हते. मावशीच्या नातीने दुसऱ्या दिवशी ती उतरवून घेतली. आता सहा किलोमीटरला तिला अर्धा तास लागतो आणि दापोलीच्या कॉलेजचा विषय घरात पुन्हा निघाला आहे. आजीने आपल्या पेन्शनीतले पैसे बाजूला काढून पुतणीला सांगितले आहे, “तुला दुसरी घे. जुनी असली तरी चालेल, पण ब्रेक बघून घे.”

जाणाऱ्यांसाठी

ज्यांना जावेसे वाटेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, उतार निसरडे होतात, आणि उन्हाळ्यात सडा भाजून काढतो. निघण्याआधी महिनाभर रोज सकाळी दहा-पंधरा किलोमीटर चालवा. मधुमेह, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. गोळ्या बरोबर ठेवा. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर पुरे.

बरोबर घ्यावे : हवेचा पंप, सोल्युशन, रबराचे तुकडे आणि कानस कागद, दोन जादा ट्यूब, ब्रेकची रबरे, पाना, तेलाची लहान बाटली. दोन जोड कपडे, चादर, टोपी किंवा हेल्मेट, बॅटरी. मागच्या मडगार्डला लाल पट्टी चिकटवा, अंधार पडल्यावर चालवू नका. सामान पाठीवर न घेता कॅरिअरला बांधा, पाठ वाचते. पाणी प्रत्येकी दोन बाटल्या. सड्यावर दुकान नसते. गूळ-शेंगदाणे खिशात असू द्या. मोबाईलमध्ये नकाशा असला तरी फेरीबोटीची वेळ आदल्या दिवशी गावात विचारा, कारण फार ओहोटी असली की बोट थांबते.

खर्चाचे म्हणाल तर आम्हाला परतीच्या तिकिटासह माणशी साडेतीन हजारांच्या आत लागले, कारण मुक्काम बहुतेक ठिकाणी नात्यात किंवा समाजमंदिरात केले. आपल्या माणसांच्या वाड्या साऱ्या किनाऱ्यावर आहेत. “जयभीम” म्हणून दारात उभे राहिले की कुणी जेवल्याशिवाय सोडत नाही. मात्र आधी निरोप द्यावा, आणि निघताना त्या घरच्या बाईच्या हातावर शिध्याचे पैसे ठेवायला विसरू नये. ती नको म्हणेल, तरी ठेवावे.

आणि शेवटची विनंती पालकांना. या वर्षी मुलाला मोटारसायकलचा हट्ट पुरवण्याआधी घरातल्या मुलीला एक सायकल घ्या. नवीच पाहिजे असे नाही. ती कोकणच्या किनाऱ्याला जाईल की नाही हे पुढचे पुढे. आधी ती शाळेत पोहोचू दे.